निवारा कामाच्या वाटेवर हवा
(व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित)



विषयपत्रिकेवर ‘बेघर आणि भूक : समज-गैरसमज’ असं छापलं आहे. गैरसमजांची यादी लांबलचक होईल, पण त्यांतले बहुतेक एकाच मुळातून फुटतात. फुटपाथवर झोपणारा माणूस रिकामटेकडा असतो, ही ती समजूत. खरं तर बहुतेकांचं काम जवळ असतं, म्हणून ते तिथे झोपतात. आज एवढी एकच गोष्ट पटली तरी पुरे.

आकडे वर्तमानपत्रांतून येतच असतात, म्हणून झटपट. २०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं सापडली, त्यांतली दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यातलं माणशी महिना पाच किलो धान्यही सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे जाऊ.

पहिल्या रांगेतून प्रश्न आलाय, “मग सिग्नलवर भीक मागतात ते कोण?” (हशा) प्रश्न रास्त आहे. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याची व्याख्याच अशी आहे की उपजीविकेचं साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी भटकणं हेसुद्धा ‘भीक मागणं’ ठरतं. दिवसभर विटा वाहून रात्री पुलाखाली आडवा झालेला बिगारी आणि सिग्नलवर हात पसरणारा, दोघांना कायदाच एका पोत्यात भरतो. मग आपलीही नजर तशीच होते.

ही नजर बदलायची, तर मुंबईच्या एका खटल्याबद्दल सांगायला हवं. थोडं सविस्तर सांगू द्या.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या गावी पाठवलं जाईल. ऐन पावसाळ्यात झोपड्या तुटल्या, माणसं बसमध्ये बसवली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हाच तो ‘ओल्गा टेलिस’ खटला. निकाल १९८५चा, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, हे त्यातलं सूत्र कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. पण निकालपत्राची सुरुवातीची पानं वाचा. तिथे माणसं भेटतात.

एक अर्जदार आपल्या संगमनेरचा. गावी चप्पल-जोडे शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे, त्यातच राहतं घर पडलं. १९६९मध्ये तो मुंबईत आला आणि महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी त्यानं तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लॅस्टिकचा कागद यांना ७०० लागले. एकूण हजार रुपये, म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा पगार! ‘फुकटात राहतात’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब वहीत लिहून ठेवावा. (टाळ्या)

दुसरा तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दहिसरच्या रसायन कारखान्यात रोज २३ रुपये मिळायचे. झोपडी पाडून त्याला बायको-मुलींसह सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. हा मात्र कामासाठी मुंबईला परतला आणि पुन्हा फुटपाथवरच आला. का? न्यायालयानंच सांगितलं आहे : कामाची जागा जवळ असते, रोजच्या प्रवासाचा वेळ आणि खर्च या मिळकतीत परवडत नाही. फुटपाथ गेला की काम गेलं.

मागून आवाज आला, “फुटपाथ चालायला असतात!” अगदी बरोबर. न्यायालयानंही तेच म्हटलं, नोटीस देऊन झोपड्या हटवायला मुभा दिली, पण पावसाळा संपून महिना होईपर्यंत थांबायला सांगितलं. चालणाऱ्याचा हक्क कुणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की हटवलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर कसा पोचणार? यावर आपण रागावतो, पण उत्तर देत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. भुकेचा निम्मा विषय राहिला की!

तर भूक. लोक म्हणतात, आता उपाशी कोण राहतं? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. चहा-पाव खाऊन पोट भरतं, अंग भरत नाही. पुलाखालची चूल पाहा. तीन विटा, फोडलेल्या खोक्याच्या फळ्या, दहा रुपयांचं तेल, चहापत्तीची पुडी. साठवायला जागा नाही, म्हणून रोजचं रोज आणि सुटं घ्यायचं, तेही किलोमागे आपल्यापेक्षा महाग. रेशन आता कुठल्याही गावात मिळू शकतं, पण पंचवीस किलो धान्य पुलाखाली ठेवायचं कुठे? २०२०मध्ये दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी चांगलीच योजना. पण ती दुपारच्या ठरलेल्या वेळेत मिळते, आणि त्या वेळी बिगारी स्लॅबवर असतो. म्हणजे इथेही गोष्ट अंतराशी आणि वेळेशी येऊन थांबते.

उपाय कागदावर आहे. २०२४पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार लाख लोकवस्तीमागे १०० माणसांचा कायमचा निवारा हवा होता, माणशी ५० चौरस फूट जागा हवी होती आणि तो बेघरांची वर्दळ नि कामाची ठिकाणं यांच्या जवळ हवा होता. २०११ची ३१ लाख लोकवस्ती धरली तरी एकट्या पुण्यात ३१०० जणांची सोय व्हायला हवी. आणि ती मजूर अड्डा, मंडई, रेल्वे स्टेशन, मोठी रुग्णालयं यांच्या आसपास, म्हणजे तुमच्या-आमच्या वस्तीतच. पहाटे भाजी उतरवणाऱ्या हमालाला शहराच्या टोकाला खाट दिली, तर ती रिकामीच राहणार. मग आपण म्हणणार, बघा, यांना निवारा नकोच असतो!

वेळ संपली, घंटा झाली. एकच विनंती. तुमच्या वॉर्डात निवारा केंद्राचा प्रस्ताव येईल, तेव्हा सोसायटीत विरोधाचं निवेदन सह्यांसाठी फिरेल. त्यावर सही करू नका. उलट क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा, आमच्या भागात लाखामागे १०० खाटा आहेत का, नसतील तर कधी होणार? उत्तर लेखी मागा.