व्हिटी लेवूची प्रदक्षिणा



शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात पॅसिफिक महासागर म्हणजे नुसता निळा रंग, आणि त्यात माशा बसाव्यात तसे काही ठिपके. त्यांतल्या एका ठिपक्याला आज आपण प्रदक्षिणा घालणार आहोत. फिजी देशात तीनशेंहून अधिक बेटे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे ते व्हिटी लेवू, म्हणजे थोरली फिजी. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,४०० चौरस किलोमीटर. आपला सातारा जिल्हा जवळजवळ एवढाच! आणि सातारा विषुववृत्ताच्या जितका उत्तरेला, साधारण तितकेच हे बेट दक्षिणेला. ऊन आपल्याच ओळखीचे. ऋतू मात्र उलटे. तिथला पावसाळा नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो.

बेटाच्या कडेकडेने सडक जाते. सबंध फेरी सुमारे पाचशे किलोमीटरची. दक्षिणेकडच्या सडकेचे नाव क्वीन्स रोड, उत्तरेकडचीचे किंग्ज रोड. मोटार भाड्याने मिळते. पण माझे ऐकाल तर बसनेच जा. पुष्कळ बसगाड्यांच्या खिडक्यांना काचा नसतात. पाऊस आला की ताडपत्री खाली सोडायची, थांबला की वर गुंडाळायची. शेजारी कोणी म्हातारी टोपली घेऊन बसलेली असेल. तिला ‘बुला’ म्हणा. ‘बुला’ म्हणजे आपला रामराम.

विमान उतरते त्या गावाचे नाव रोमन अक्षरांत ‘नादी’ असे लिहितात. पण उच्चार आहे ‘नांदी’. नाटकाची सुरुवात नांदीने व्हावी तसेच झाले म्हणा ना! गावात शिरलात की एका टोकाला शिवसुब्रह्मण्याचे रंगीबेरंगी देऊळ दिसते. बाजारात रोटी-भाजी मिळते, आणि भोजपुरी-अवधी वळणाची हिंदी कानी पडते. आपला देश एवढा दूर असताना ही बोली इथे आली कशी?

उत्तर मिळते पुढे लौटोक्याच्या वाटेवर. दोन्ही बाजूंना उसाचे फड, आणि सडक ओलांडून जाणारे अरुंद रूळ. हंगामात त्यांवरून उसाच्या वाघिणी कारखान्याकडे जातात. लौटोक्याचा कारखाना १९०३ सालचा. या उसासाठीच इंग्रजांच्या राज्यात मजूर आणले गेले. १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिडास’ हे पहिले जहाज इथे लागले, आणि १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे आली. बहुतेक संयुक्त प्रांत व बिहारकडची, नंतर मद्रासेकडचीही. पाच वर्षांचा करार; त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’ शब्दाचा तोंडातोंडी झाला ‘गिरमिट’. ही पद्धत बंद करावी असा ठराव १९१२ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडला, तो कोकणातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. ठराव फेटाळला गेला, पण आवाज उठला तो उठलाच. १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करारही रद्द झाले. पुष्कळांना दहा वर्षांनी परतीचे तिकीट मिळत होते, तरी बहुतेक तिथेच राहिले. तिथेच मुले झाली, तिथेच ऊस लावला.

पण लावला कोणाच्या जमिनीत? श्रोतेहो, इथे जरा थांबा. फिजीतली जवळजवळ सात-अष्टमांश जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या सामाईक मालकीची आहे. ती विकता येत नाही. शेतकरी ती खंडाने करतो. १९७६ च्या कायद्याने तीस वर्षांचे पट्टे मिळाले. १९९७ पासून ते संपू लागले. काहींचे वाढले, काहींचे नाही. पुष्कळ कुटुंबे शहरात, परदेशात गेली. ‘कसेल त्याची जमीन’ ही आपली घोषणा. तेव्हा मन चटकन कसणाराच्या बाजूला झुकते. पण इथला मालक म्हणजे कोणी सावकार नव्हे. तो सबंध गाव आहे. जमीन विकाऊ झाली असती, तर हवाई बेटांवरच्या मूळ लोकांसारखी त्याची गत झाली असती. दोन्हीकडे न्याय आहे, म्हणूनच प्रश्न अवघड. १९८७ आणि २००० साली सरकारे उलथली, त्यामागे हाही धागा होता.

उत्तरेला राकिराकीपाशी वाऱ्याचा कोप दिसतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजी ‘विन्स्टन’ नावाच्या वादळाने देशात ४४ माणसे नेली. इथला साखर कारखाना मोडला तो पुन्हा उभा राहिलाच नाही. पुढे पूर्वेकडे वळलो की देखावा पालटतो. आग्नेयेचे वारे डोंगराला अडतात आणि या बाजूला पाऊस ओततात. सुवा या राजधानीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर, तर नांदीला दोन हजारही नाही. एकीकडे कोकण, एकीकडे देश! सुव्यात वस्तुसंग्रहालय पाहा, आणि १९६८ सालचे विद्यापीठही. अनेक बेटांच्या देशांनी मिळून ते चालवले आहे.

आता क्वीन्स रोडने परत. सिंगातोक्याजवळ समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या आहेत; तिथे प्राचीन खापरे सापडली आहेत. नदीच्या खोऱ्यात भाजीपाला पिकतो. वाटेत एखाद्या गावात जावेसे वाटले, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. मिरवेलीच्या कुळातल्या ‘यांगोना’ नावाच्या झाडाची मुळी बाजारात घ्या, आणि ती गावच्या प्रमुखापुढे ठेवा. याला ‘सेवुसेवु’ म्हणतात. डोक्यावर टोपी नको, खांदे झाकलेले असावेत, दारात पायताण काढावे. कोणाच्या डोक्याला हात लावू नये. मग मुळी कुटून पाण्यात कालवतात आणि करवंटीतून देतात. चव मातकट, जीभ थोडी बधिर होते. टाळी वाजवावी, ‘बुला’ म्हणावे आणि एका दमात प्यावे. जेवायला आपल्या अळूच्या जातीचा मोठा कंद, आणि ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कसावा.

मुळी पुढे ठेवली म्हणजे पाहुणा सांगतो, ‘ही भूमी तुमची, मी विचारून आलो.’ जहाजांतून उतरवलेल्या गिरमिटियांना असे विचारण्याची संधी कोणी दिली नव्हती, आणि गावांनाही कोणी विचारले नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींनो, उद्या वर्गात फळ्यावर हे बेट काढा. मुलांना विचारा, वारा आग्नेयेचा, तर कोरडी बाजू कोणती? आणि वरच्या वर्गाला विचारा, कसणाऱ्याचाही हक्क आणि मालक गावाचाही हक्क असेल, तर पंचांनी काय करावे? मुले वाद घालतील, घालू द्या.