पानथरीचे दुखणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरी विषयावर ही काय बोलणार, असे तुम्हांला वाटेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या जंगलभागात हे दुखणे परके नाही, आणि त्याचा बोल बाईलाच लागतो, म्हणून चार शब्द सांगते.

डाव्या बरगड्यांखाली पानथरी असते; डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. ती मुठीएवढी, सुमारे १५० ग्रॅम वजनाची. हिवताप वारंवार आला किंवा रक्तात सिकलसेलचा आजार असला, की ती वाढते. कधी किलोहून जड होऊन बेंबीखाली उतरते. मग ती चांगले रक्तही गिळू लागते. माणूस पांढराफटक पडतो, पुनःपुन्हा रक्त द्यावे लागते.

माझ्या बहिणीच्या मुलीचे असेच झाले. सासरी पोटावर डाग देण्याचे घाटत होते. “आईकडूनच रोग आला,” असे टोमणेही होतेच. पण सिकलसेलचा आजार एकट्या आईकडून येत नाही. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच होतो. हे ध्यानात ठेवा.

अखेर नागपूरला शस्त्रक्रिया झाली. पूर्वी यासाठी पोट मोठे उघडावे लागे. १९९१-९२ च्या सुमारास परदेशात दुर्बिणीतून पानथरी काढू लागले. आता ते आपल्याकडेही होते. पोटात वायू भरून जागा करतात, तीनचार लहान छिद्रांतून रक्तवाहिन्या बंद करतात, आणि पानथरी पिशवीत घालून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढतात. फार मोठी असली वा रक्तस्राव झाला, तर पोट उघडावेही लागते. सही करण्याआधी हे विचारून घ्यावे.

मुलगी चौथ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली. सिकलसेल गेला नाही; तो पानथरी काढून जात नाही. पण वरचेवर रक्त देणे थांबले.

पानथरी नसलेल्याला जंतूंची बाधा झपाट्याने होते. म्हणून शक्यतो दोन आठवडे आधी लसी घ्याव्यात. पुढे जन्मभर, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मच्छरदाणी तर सोडूच नये.

२०२३ साली सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. लग्न ठरवताना आपण पत्रिका पाहतो, तसा मुलामुलीच्या रक्ताचा कागदही पाहू या. आणि लेकराचे पोट डाव्या बाजूला फुगलेले दिसले, तर विळा तापवण्याआधी दवाखान्याची वाट धरू या.