पाण्यातून हायड्रोजन
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वनस्पती तूप करताना तेलावर हायड्रोजन वायूची क्रिया घडवितात. खतालाही हाच वायू लागतो. आज तो बहुतेक नैसर्गिक वायू व कोळसा यांपासून काढतात. त्यामुळे हवा बिघडते. पाण्यात वीज सोडूनही तो मिळतो. १८०० साली इंग्लंडात निकल्सन व कार्लाइल यांनी हे दाखविले. मग अडचण कसली? किलोभर हायड्रोजनला सुमारे ५० युनिटे वीज जाते!

ही वीज वाचविण्यासाठी विद्युत्‌पट्टीवर उत्प्रेरक लावतात. तो स्वतः न खर्चता क्रिया सुलभ करतो. कारखान्यांत कॉस्टिक पोटॅश घातलेल्या पाण्यात बहुधा निकेल वापरतात. त्याला वीज अधिक लागते. प्लॅटिनम सरस, पण महाग. शिवाय अशा पाण्यात तेही मंदावते, कारण आधी पाण्याचा रेणू फोडावा लागतो.

२०११ साली अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत प्लॅटिनमवर निकेल हायड्रॉक्साइडचे बारीक कण बसविले. पोळ्या करताना एकीने लाटावे, दुसरीने भाजावे, तसे निकेलच्या कणांनी पाणी फोडले, प्लॅटिनमने हायड्रोजनचे अणू जुळविले. क्रियेचा वेग सुमारे आठपट झाला!

क्रिया पृष्ठभागावरच होते. म्हणून बर्फीवरच्या वर्खाइतका प्लॅटिनमचा थर पुरावा, आणि तो वर्षानुवर्षे टिकावा, अशी शास्त्रज्ञांची खटपट चालू आहे.

भारत सरकारने २०२३ साली हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर धातू आणि वीज दोन्ही जपून वापरावी लागतील. भगिनींनो, ही काटकसर आपल्याला नवी नाही.