संथ पाणी, संथ आमिष

सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीस जाणाऱ्या प्रवाशाला मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी दमणगंगेचे निराळेच रूप दिसते. नाशिककडील डोंगरांत उगम पावून दमणजवळ समुद्रास मिळणारी ही नदी येथे विसावलेली असते. वाहत्या पाण्यात आमिषाला निम्मी हालचाल प्रवाहच देतो. थांबलेल्या पाण्यात ती सारी गळकऱ्याच्या मनगटाला द्यावी लागते. नवशिका नेमका येथेच चुकतो. दोर भराभर गुंडाळला की मासा भुलेल, असे त्यास वाटते.

आपल्याकडील तळ्याओढ्यांतली मरळच पाहा. ती पाणवनस्पतींच्या सावलीत दबा धरून बसते. हिवाळ्यातील गार सकाळी तिची चपळाई मंदावते. अशा वेळी पृष्ठभागावरून झरकन निघून गेलेले खोटे आमिष तिच्या डोळ्यांसमोर क्षणभरही राहत नाही.

मग हात सावकाश चालवावा, एवढेच पुरे का? नाही. वेगासाठी घडवलेले आमिष सावकाश ओढले, तर त्याचा आवाजच बंद होतो. तारेवर पाते फिरणारे आमिष तर चक्क बुडते. म्हणून प्रथम आमिषात फेरफार हवा. पात्याच्या वळलेल्या कडा पकडीने किंचित अधिक वाकवाव्यात. त्या अधिक पाणी पकडतात आणि मंद गतीतही आमिष वर राहते. खोलगट तोंडाच्या तरंगत्या आमिषाच्या शेपटीकडे थोडे वजन वाढवावे. मग ते तिरके उभे राहते आणि लहानशा हिसक्यासरशी, फारसे पुढे न सरकता, ‘डुबुक’ असा आवाज काढते. रबरी बेडकाचे पाय समान कापून आखूड केले, तर तो जागच्या जागी डावी-उजवीकडे डोलू लागतो. दोर तरंगणारा असावा. बुडणारा दोर आमिषाचे नाक खाली ओढतो. प्रत्येक फेरफार केसभर करावा आणि काठाजवळ ओढून पाहावा. एकदम फार वाकवलेले पाते मोडते.

फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने १९३६ साली बुचाच्या लाकडाचे आमिष कोरले, ते जखमी माशाची डळमळती चाल पाहून. मोठे मासे थव्यातला अडखळणारा मासाच हेरतात, हे त्याने ध्यानी घेतले होते. संथ आमिषाचे मर्मही तेच: दुबळेपणाचा आभास.

परंतु या कौशल्याला एक मर्यादा हवी. पावसाळ्यात तांबूस पिलांचा घोळका पाण्यावर बुडबुडे काढताना दिसतो. त्याखाली मरळ पहारा देत असते. त्या वेळी संथ आमिषावर ती हमखास झेपावते, पण भुकेने नव्हे. पिलांवर संकट आले, असे समजून. तिला उचलले, की काही क्षणांत इतर मासे त्या घोळक्यावर तुटून पडतात. एका माशासाठी पुढल्या हंगामातले कितीतरी मासे हरवतात.

ज्याने आमिष संथ करण्याची कला साधली, त्याच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक सामर्थ्य आले. तांबूस घोळका दिसताच दोर गुंडाळून काठ सोडणे, ही त्याच कलेची शेवटची पायरी होय.