पानं पेटवायची नाहीत, एवढंच ठरलं होतं

आजच्या भागात कोडबद्दल एक शब्द नाही. आज पालापाचोळा.

मी आमगावला, गोंदिया जिल्ह्यात, घरून काम करते. घरामागे वाडी आहे. त्यात दोन साग, एक आंबा, बांबूचं बेट. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग उघडा पडतो आणि वाडीत घोट्याएवढी पानं साचतात. त्यावर आमच्याकडे एकच उपाय, काडी ओढायची. पण आजीला दमा आहे. गेल्या वर्षी पानं पेटवली त्या रात्री ती पहाटेपर्यंत उशीला टेकून बसून होती. मी बाबांना म्हटलं, यापुढे जाळायचं नाही.

"मंग काय करशीन वं त्याचं? ढिगात साप येतीन."

सापाचा मुद्दा खोटा नव्हता. पण मी पडले बीटेक, दोन व्हिडिओ पाहून तज्ज्ञ. ढीग केला, पाणी मारलं. मे महिन्यात पाहिलं तर पानं जशीच्या तशी! वाळल्या पानांत कर्ब भरपूर, नत्र अगदी कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 30 भाग कर्बामागे 1 भाग नत्र लागतं. मग पावसाळ्यात उलटी चूक केली, नुसतं ओलं गवत रचलं. आत हवाच जाईना. गल्लीभर वास. बाबा काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

उत्तर विदर्भातच होतं. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, त्यांच्या नावावरूनच 'नाडेप'. विटांचं टाकं, 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच. हवा खेळावी म्हणून भिंतीत मुद्दाम ठेवलेली भोकं. आत काडीकचरा, शेणकाला, माती, पुन्हा कचरा, असे थर. मला आवडलं ते शेणाचं गणित: सुमारे 14 क्विंटल कचऱ्याला जेमतेम 1 क्विंटल शेण. आता घरोघरी जनावरं राहिलीत कुठे? मातीचा थर मला आधी फालतू वाटला होता. पण ओल तोच धरून ठेवतो.

ऑक्टोबरमध्ये उरलेल्या विटांचं तीन-तीन फुटांचं छोटं टाकं रचलं. सागाची पानं चुरून घेतली, सोबत हिरवं गवत आणि भाजीची देठं. भोकं पाहून बाबा न बोलता आत गेले आणि बारीक लोखंडी जाळी घेऊन आले. सापासाठी. वरचं शेणमातीचं लिंपण आजीनं केलं, मध्ये मध्ये दम घेत. मला हात लावू दिला नाही.

फेब्रुवारीत उघडलं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास. सध्या ते वांग्यांच्या बुडाशी आहे.

शेजारी अजून पानं जाळतात. त्या संध्याकाळी आम्ही आजीची खिडकी लावून घेतो. मागच्या रविवारी बाबा त्यांच्याकडे गेले आणि दोन पोती पानं मागून घेऊन आले.