झिलई देण्यापूर्वीं



मुळशी तालुक्यांतील आमच्या कोळवण खोऱ्यांत पाऊस भरपूर. चार महिने चिखल अंगावर घेऊन मोटारी निस्तेज होतात, आणि दिवाळी जवळ आली, कीं त्यांना झिलई देण्याची हौस सर्वांस होते. मलाही झाली. मुलाच्या जुन्या मोटारीवर मीं भाड्यानें आणलेलें यंत्र फिरविलें. लकाकी आली खरी. परंतु बॉनेटच्या कडेला खालचा करडा थर उघडा पडला. त्या चुकीनें मला जें शिकविलें, तें आज आपणांस सांगतों.

कल्हईचें पातेलें फार घासलें, कीं तांबें दिसूं लागतें, हें गृहिणींना सांगावयास नको. मोटारीचेंही तसेंच आहे. ‘झिलई लावली’ असें आपण म्हणतों. वस्तुतः आपण वरचा थर किंचित् घासून काढीत असतों. पातेल्याला पुन्हां कल्हई करतां येते. येथें मात्र तो भाग नव्यानें रंगवावा लागतो, आणि तो रंग जुन्याशीं तंतोतंत जुळणें कठीण.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, अस्तर, रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो. हे सारे मिळून बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वहीचा एक कागद सुमारें १०० मायक्रॉनांचा. पारदर्शक थर त्यांतील ४०-५० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या कागदाएवढा! उन्हापासून रंगाचें रक्षण तोच करतो. हलक्या झिलईनें त्यांतील एक-दोन मायक्रॉन जातात. घासकागदानें पुष्कळच अधिक.

म्हणून आधीं मोजावें. यासाठीं मुठींत मावणारें जाडीमापक मिळतें. तें लोखंडी पत्र्यावर चुंबकीय गुणानें आणि ॲल्युमिनियमवर विद्युत्प्रवाहाच्या भोवऱ्यांनीं जाडी सांगतें. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र हें साधें यंत्र मुकें होतें. प्रथम कोऱ्या पत्र्यावर शून्य जुळवून घ्यावें, मग प्रत्येक भागावर चार-पांच ठिकाणीं मोजून आंकडे टिपावे. शेजारचे भाग १२० दाखवीत असतां एखादा ८० दाखवील, तर तो पूर्वीं घासला गेला असण्याचा संभव आहे. त्याला हात लावूं नये. ३०० आला, तर बहुधा पुन्हां रंगविलेला. १००० च्या घरांत गेला, तर खालीं लांबी भरलेली समजावी.

परंतु मोठ्या आंकड्यानें निर्धास्त होऊं नये. मापक एकूण जाडी सांगतें; वरचा पारदर्शक थर किती उरला, हें सांगत नाहीं. यासाठीं सर्वांत सौम्य द्रव्यानें वीतभर जागेवर प्रथम करून पाहावें. कडा व उंचवटे यांवर रंग पातळ असतो. ते चिकटपट्टीनें झांकावे. पारदर्शक थर असूनही फडक्यावर मोटारीचा रंग उतरला, तर तो थर संपला, तत्काळ थांबावें.

एखादा ओरखडा राहिला, तर राहूं द्यावा. शिल्लक पाहून खर्च करणें हा संसारांतला नियम येथेंही पाळावा. आमच्या अंगणांतला करडा डाग मला रोज तेंच सांगतो.