मुलांच्या मनाचंही दुखणं असतं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. घाट उतरून खोपोलीच्या बाजूला कागदाच्या मिलमध्ये तीस वर्षं पाळ्या केलेला कामगार आहे. शिक्षण म्हणाल तर शाळेत थोडं झालं, बाकी सगळं रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत वाचून. कमिटीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, यावर्षी मी इतिहासावर बोलणार नाही. आपल्या पोरांच्या मनावर बोलणार आहे. काही जणांनी तोंड वाकडं केलं. मनावर काय बोलायचं, आपल्यात कोण वेडं आहे, असं म्हणाले. बंधूंनो, गैरसमज इथूनच सुरू होतो.

आधी माझ्या घरातली गोष्ट सांगतो. धाकट्या मुलाला विचारून, त्याच्या परवानगीने सांगतो आहे. २०१५ साली तो डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होता. लोणावळ्याहून सकाळची लोकल धरून पुण्याला जायचा. दिवाळीनंतर त्याने बोलणं कमी केलं. जेवण निम्म्यावर आलं. रात्री जागायचा आणि सकाळी उठायचा नाही. पुढे कळलं की लोकलने जायचा, पण कॉलेजात न जाता स्टेशनवरच बसून परत यायचा. मी काय केलं? मी त्याला भाषण दिलं. आम्ही कंदिलावर शिकलो, तुला सगळं आयतं मिळतं, तू हातपाय गाळतोस, आपल्या माणसाला हे शोभतं का! त्याच्या आईने मला न सांगता कुठून तरी अंगारा आणून त्याच्या उशीखाली ठेवला. अंधश्रद्धेवर बोलणारा मी, आणि माझ्याच घरात अंगारा! त्या अंगाऱ्याने त्याचं दुखणं गेलं नाही, पण खरं सांगायचं तर माझ्या भाषणानेही गेलं नाही.

शेवटी त्याच्या शाळेतल्या जुन्या बाई घरी आल्या. त्यांनी त्याला बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, याला ताप असता तर थांबला असता का? आम्ही त्याला पुण्याच्या सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, थोडे दिवस गोळ्या दिल्या आणि समुपदेशन करणाऱ्या एका ताईंकडे दर आठवड्याला पाठवलं. चौथ्या-पाचव्या वेळेला तो बोलला. वर्गात काही मुलं त्याला रोज विचारायची, कितीवर ॲडमिशन मिळाली रे तुला? आणि हसायची. माझ्यापाशी हे का बोलला नाहीस, असं ताईंनी त्याला माझ्यासमोर विचारलं. तो म्हणाला, पप्पांना सांगितलं तर ते लढ म्हणतील. मला आधी थोडं रडायचं होतं.

त्या दिवशी लोकलमध्ये मी कामशेतपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. इतकी वर्षं समाजाला जागं करतो म्हणणारा माणूस स्वतःच्या पोराचं ऐकायला कमी पडला. तेव्हापासून मी या विषयावरचं मिळेल ते वाचायला लागलो.

वाचताना ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या कामाची ओळख झाली. हे मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी १९९० साली ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. तो काळ आठवा. तेव्हा मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना ठाण्याचं नाहीतर येरवड्याचं हॉस्पिटलच आठवायचं आणि तिथे गेलेल्या माणसाच्या घरात सोयरीक करायलासुद्धा लोक कचरत. अशा काळात या माणसाने ठरवलं, की आजार बळावल्यावर औषध देणं हे एक काम झालं, पण मन बिघडू नये म्हणून शाळेत, आईबापांत, कामाच्या ठिकाणी जायचं हे दुसरं काम, आणि तेही तितकंच मोठं. त्यांनी 'वेध' नावाचा उपक्रम चालवला. त्यात वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसं मंचावर येतात, डॉक्टर स्वतः त्यांच्या मुलाखती घेतात आणि समोर विद्यार्थी व पालक बसलेले असतात. डॉक्टर-इंजिनिअर एवढेच दोन रस्ते नाहीत, हे पोरांना प्रत्यक्ष माणसं दाखवून सांगायचं. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगणशीही त्यांचं जवळचं नातं आहे. ते मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं. 'स्वभाव-विभाव' हे नाडकर्णींचं पुस्तक साध्या मराठीत आहे, आपल्या विहाराच्या कपाटात ते असावं अशी माझी सूचना आहे.

त्यांच्या कामात एक विचार सारखा येतो. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास तो मांडायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिसशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून तो मराठीत रुजवला. मला कळला तसा सांगतो. दोन पोरं एकाच परीक्षेत नापास झाली. एक म्हणतो, पेपर वाईट गेला, वाईट वाटतंय, ऑक्टोबरला बसू. दुसरा म्हणतो, मी नापास झालो म्हणजे मी माणूसच फुकट आहे. घटना एकच. पण मधे जो विचार आला त्याने एकाला दुःख झालं आणि दुसरा खचला. उपचार करणारा माणूस त्या मधल्या विचाराला धरतो. पोराला विचारतो, नापास पेपर झाला की तू झालास? हा प्रश्न तो घाई न करता, उपदेश न करता, पुन्हा पुन्हा विचारतो. पोराने स्वतःच उत्तर शोधेपर्यंत वाट बघतो. हे कामाचं कसब आहे. मी बाप असूनही मला ते जमत नव्हतं.

पण इथे मी माझं मत सांगतो. सगळंच विचारांवर टाकून चालणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोन्ही वेळेला जातीवरून छळ झाल्याचे आरोप झाले. अशा पोरांना फक्त तुझा विचार बदल असं म्हणणं म्हणजे मारणाऱ्याला सोडून जखमेला दोष देणं झालं. हसणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे, ते आपलं चळवळीचं काम. पण जाब विचारला जाईपर्यंत ते पोर जगलं पाहिजे, उभं राहिलं पाहिजे. त्यासाठी मनाचा डॉक्टर आणि समुपदेशक लागतो. ही दोन्ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या लोकांचं. तसं नाही. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशाची पाहणी केली, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये शंभरात सातांहून अधिक जणांना मनाचा काही ना काही आजार आढळला. आपल्या मावळात पोरांवर वेगळा ताण आहे. बाप बंगल्यावर राखणदार, आई हॉटेलात भांड्याला. शनिवार-रविवारी मोठमोठ्या गाड्या येतात, पोरगं ते सगळं बघतं आणि आपल्या घराकडे बघतं. मग कोणी बाटलीला लागतो, कोणी मोबाईलमध्ये तोंड घालतो, कोणी गप्प होतो. गप्प झालेल्याला आपण शहाणा म्हणतो!

मिलमध्ये बेअरिंग आवाज करायला लागली, तापली, की आम्ही मशीन थांबवतो आणि फिटरला हाक मारतो. मशीनला शिव्या देत नाही. पोरगं दोन-तीन आठवडे नीट झोपत नाही, जेवत नाही, मित्र टाळतं, आवडीच्या गोष्टीत रमत नाही, मी नसलो तर बरं असं बोलतं, हा तो आवाज समजा. जवळ बसा. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात येत नाही, उलट पोराला हलकं वाटतं. तसं काही बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जायचं कुठे? १४४१६ हा नंबर लिहून घ्या. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत. १० ते १९ वयाच्या मुलांसाठी सरकारी दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं, त्याची चौकशी करा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार न मानता तो तीव्र तणावाखाली होता असं मानायचं, हे २०१७च्या कायद्याने सांगितलं आहे, म्हणून पोलिसांच्या भीतीने लपवू नका. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. तर आपल्या पोरांच्या शाळेत, कॉलेजात तो आहे का? कमिटीने अर्ज घेऊन मुख्याध्यापकांना, प्राचार्यांना भेटावं. मी बरोबर येतो.

शेवटचं, तरुणांसाठी. हा पोटापाण्याचा आणि मानाचाही मार्ग आहे. एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्र घेता येतं. नाहीतर मानसशास्त्रात बी.ए., एम.ए. करून, पुढचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेऊन, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करून चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होता येतं. माझ्या मुलाला बोलायला चार-पाच खेपा लागल्या. समोर आपली भाषा, आपली वस्ती, आपला अपमान ओळखणारं माणूस असतं, तर कदाचित पहिल्याच खेपेला बोलला असता. अशी माणसं आपल्यातून तयार झाली पाहिजेत.

माझा मुलगा आज नोकरी करतो. एक वर्ष उशिरा पास झाला. अजून कधी कधी गप्प होतो. तेव्हा मी भाषण करत नाही. चहा टाकतो आणि शेजारी बसतो. तुम्हीही आज घरी जाऊन टीव्ही बंद करा आणि पोरापाशी दहा मिनिटं बसा, एवढीच विनंती करून मी माझे चार शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!